प्रोटियाच्या काळ्या पानांबद्दल : फुलांची सजावट करणाऱ्यांना खुलं पत्र

सजावटकार, बुके बांधणारे, स्टेज उभारणारे आणि या सगळ्यांना फुलं पुरवणारे व्यापारी यांस,

सप्रेम नमस्कार.

परवा एका समारंभाला मी वेळेआधी तासभर पोचले. सभागृहात अजून खुर्च्या मांडणं चालू होतं आणि स्टेजच्या कडेला एक तरुण मुलगा जमिनीवर बसून प्रोटियाच्या दांड्या सोलत होता. सोलत होता म्हणजे अक्षरशः सोलत होता. डाव्या हातात फुलाची मान, उजव्या मुठीत दांडी, एक हिसडा, आणि सगळी पानं खाली. मी विचारलं, "पानं का काढतोस रे?" तो म्हणाला, "काळी पडतात हो मावशी. मालच सडका येतो. वरचं फूल तेवढं चांगलं असतं."

त्या मुलाचा काही दोष नाही. त्याला जे शिकवलं गेलं तेच तो करत होता आणि हात सफाईचा होता. पण "मालच सडका येतो" हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली, पुढे आयुष्यभर झुडपांच्या मागे फिरलेली बाई. तुमच्या धंद्यातलं मला कळत नाही, पण त्या पानांचं थोडंफार कळतं. ते सांगावं म्हणून हे पत्र.

आधी फुलाबद्दल. ज्याला आपण प्रोटियाचं फूल म्हणतो ते एक फूल नाहीच. बोगनवेलीचा गुलाबी रंग जसा फुलाचा नसून फुलाभोवतीच्या सहपत्रांचा, म्हणजे रंगीत पानांचा असतो, तसंच इथे. बाहेरची रंगीत, जाड, कडेला कधी मऊ केसाळ असलेली 'पाकळी' म्हणजे सहपत्रं; आणि मधे जो घुमट दिसतो तो दाटीवाटीने बसलेल्या असंख्य बारीक फुलांचा. किंग प्रोटियाचा, म्हणजे प्रोटिया सायनारॉइडिसचा, हा सगळा संसार चांगला ३० सेंटिमीटरपर्यंत रुंद होतो. दक्षिण आफ्रिकेने १९७६ पासून त्याला राष्ट्रीय फूल मानलंय आणि क्रिकेट पाहणाऱ्यांना ते त्या संघाच्या नावामुळे ठाऊक आहेच. हे झुडूप मूळचं आफ्रिका खंडाच्या अगदी दक्षिण टोकाचं. तिथल्या डोंगरउतारांवर जी खुरटी, ताठ, बारीक पानांची झुडपी वनसृष्टी आहे तिला 'फिनबोस' म्हणतात. तिथे सुमारे ९,००० जातींच्या वनस्पती आहेत, आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक जगात दुसरीकडे कुठेही आपसूक उगवत नाहीत.

आता मुद्द्याचं. ही झुडपं हिवाळ्याच्या सुमारास फुलतात तेव्हा केप शुगरबर्ड नावाचा पक्षी त्यांच्यावर येतो. नराची शेपटी शरीराच्या मानाने हास्यास्पद लांब, चोच बाकदार. तो त्या फुलोऱ्यात डोकं खुपसून मकरंद पितो, आणि डोक्यावर पराग घेऊन दुसऱ्या झुडपाकडे जातो. पक्षी म्हणजे मोठं गिऱ्हाईक. मधमाशीला थेंबभर पुरतं, पक्ष्याला पुरत नाही. म्हणून प्रोटिया मकरंद अक्षरशः ओततो. प्रोटिया रेपेन्स या जातीच्या फुलांतून तर पूर्वी केप प्रांतातले लोक मकरंद झटकून गोळा करत आणि आटवून खोकल्यावरचं सरबत करत, इतका तो असतो.

हा सगळा गोडवा येतो कुठून? पानांमधून. उन्हात पान साखर करतं, फुलोरा ती ओढून घेतो. झुडपावर असेपर्यंत हा हिशेब नीट चालतो, कारण खर्च रोजचा तशी मिळकतही रोजची. मग कुणीतरी सिकेटरने दांडी तोडतो. ती खोक्यात बंद होते, खोकं अंधाऱ्या गाडीत, मग अंधाऱ्या शीतगृहात, मग विमानाच्या पोटात. फुलोऱ्याला यातलं काही कळत नाही. तो आपला पक्षी येणार म्हणून मकरंद करतच राहतो. पानाला ऊन नाही, म्हणजे मिळकत बंद. पण वरून मागणी चालूच. आधी पानातला साठवलेला स्टार्च जातो, मग होतं नव्हतं ते जातं, आणि उपाशी पेशी कोलमडल्या की त्यांच्यातल्या टॅनिनसारख्या पदार्थांचा हवेशी संयोग होऊन पान काळं पडतं. कापलेल्या सफरचंदाची फोड तांबूस होते, जवळपास तोच प्रकार.

म्हणजे ते पान सडलेलं नसतं. कधीच न येणाऱ्या पाहुण्यासाठी रांधता रांधता ते उपाशी मेलेलं असतं.

हे मी कवितेसाठी म्हणत नाही. हे तपासून पाहिलेलं आहे, आणि तपासण्याची रीत मला फार आवडते. संशोधकांनी काय केलं, तर फुलोऱ्याच्या खाली दांडीवरून सालीची एक अरुंद बांगडी काढून टाकली. साखर सालीतून वर जाते, पाणी आतल्या लाकडातून. साल तोडली की फुलाला पाणी मिळत राहतं, पण पानांतली साखर वर जाऊ शकत नाही. अशा दांड्यांची पानं हिरवी राहिली. नुसतं फूल छाटून टाकलं तरी राहिली. आणि काही न करता दांड्या भरपूर उजेडात ठेवल्या, तरी काळं पडणं बरंच लांबलं.

तर तुम्हाला माझी पहिली विनंती ही : पानं ओरबाडण्याआधी खोकी लवकर उघडा. माल आला की "राहू दे बांधलेलंच, कार्यक्रम परवा आहे" असं करू नका. दांडीचं टोक पुन्हा कापून स्वच्छ पाण्यात उभी करा आणि बादली उजेडात ठेवा. रणरणत्या उन्हात नको, पण कोठीच्या अंधारातही नको. साठवायचंच असेल तर गारव्यात. थंडीने सगळा खर्चच मंदावतो आणि हे झुडूप थंडीला अँथुरियमसारखं नाजूक नाही. पाण्यात फुलांसाठीचं तयार द्रावण घातलंत तर त्यातली साखर पानांच्या मदतीला येते. स्वतःच्या अंदाजाने साखर मात्र ओतू नका, जास्त झाली तर पानं करपतात आणि पाणी वास मारायला लागतं. आणि अगदी खालची, पाण्यात बुडणारी पानं काढाच, त्याबद्दल तक्रार नाही.

सगळ्या जाती सारख्या काळ्या पडत नाहीत हेही खरं. नेरीफोलिया, एक्सिमिया, कॉम्पॅक्टा या फार लवकर पडतात. म्हणून बिलावर नुसतं 'प्रोटिया, गुलाबी' असं लिहिलेलं असतं तेव्हा माझी चिडचिड होते. कुठली जात हे कळलं तर किती दिवस हातात आहेत तेही कळेल. मी तर पिनकुशन म्हणजे ल्युकोस्पर्ममलाही सर्रास प्रोटिया म्हणताना ऐकलंय, ल्युकाडेंड्रॉनच्या तांबड्या पानांच्या फांद्यांनाही. एकाच कुळातले सगळे, पण म्हणून एक नव्हेत. त्याच कुळात आपल्या ओळखीचा सिल्व्हर ओकही येतो. त्याला कुणी प्रोटिया म्हणत नाही.

दुसरी गोष्ट दांडीच्या लांबीची. तुम्हाला लांब दांडी हवी असते, समजू शकते. मोठ्या फुलदाणीत आखूड दांडी उभी राहत नाही. पण गुलाबाचं गणित इथे लावू नका. गुलाब खाली कापला तरी डोळा फुटतो. बहुतेक प्रोटियांना पानं नसलेल्या जुन्या लाकडातून नवीन फूट येत नाही. म्हणून जाणता बागायतदार दांडी तोडताना खाली वीतभर पानांचा खुंट मुद्दाम सोडतो; पुढची फांदी त्यातूनच येणार असते. फुलाची एक दांडी म्हणजे दोन, कधी तीन पालव्यांची वाढ असते, महिन्या-दोन महिन्यांचं काम नव्हे. तुम्ही आणखी पंधरा सेंटिमीटर मागितलेत की तो खुंट तुमच्या फुलदाणीत येतो. तिथे तो पाण्यात बुडतो आणि कुणाला दिसतही नाही.

आता वाळलेल्या बोंडांविषयी, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे.

हल्ली वाळवलेल्या प्रोटियांची फार चलती आहे. गंमत अशी की युरोपात प्रोटिया पहिल्यांदा छापील पानावर आला तोही वाळलेलाच. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १६०५ साली असं एक वाळकं बोंड वर्णन करून ठेवलं, आणि झुडूप कधी पाहिलेलंच नसल्यामुळे त्याला ते एखाद्या देखण्या काटेरी थिसलसारखं वाटलं. नाव पुढे वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने दिलं, प्रोटियस या ग्रीक समुद्रदेवावरून. तो हवं ते रूप घ्यायचा, आणि या वंशातल्या झुडपांची रूपंही तशीच नाना तऱ्हेची आहेत. किंग प्रोटिया मोठ्या परातीएवढा, तर ह्युमिफ्लोरासारखी जात फुलं जमिनीलगत, फांद्यांच्या आत लपवून ठेवते. तिच्याकडे पक्षी येत नाहीत, रात्री उंदीर येतात. तिच्या फुलांना आंबलेल्या पिठासारखा वास असतो म्हणतात. सजावटीत ती कधी दिसणार नाही, हे तिचं भाग्य.

तर वाळलेलं बोंड. फिनबोसला दर दहा-वीस वर्षांनी वणवा लागतो आणि लागावाच लागतो. किंग प्रोटियाला जमिनीखाली लाकडी गड्डा असतो. वरचं जळलं तरी त्यावरचे झोपलेले डोळे फुटतात. पण रेपेन्स, नेरीफोलिया अशा पुष्कळ जाती आगीत समूळ मरतात. त्यांची पुढची पिढी कुठे असते? मातीत नसते. ती फांद्यांच्या टोकाला, मिटलेल्या जुन्या बोंडांत असते. वर्षानुवर्षं झुडूप ती बोंडं बंद ठेवून सांभाळतं. आग आली, झुडूप मेलं, बोंडं वाळून उघडली, बिया राखेवर पडल्या आणि पुढच्या ओल्या हंगामात रुजल्या. म्हणजे ते टोकावरचं वाळकं बोंड हेच झुडपाचं बियाण्याचं कणगं. (पिनकुशनची तऱ्हा वेगळी : तिच्या बिया मुंग्या ओढून जमिनीखाली नेतात आणि त्या तिथे आगीची वाट पाहत पडून राहतात.)

एखाद्या उतारावरची सगळी बोंडं शोभेसाठी तोडली आणि दोन वर्षांनी वणवा आला, तर त्या उतारावर ती जात संपली. तोडणाऱ्याला त्या दिवशी काहीच बिघडलेलं दिसत नाही, कारण झुडपं हिरवीगार उभी असतात.

म्हणून जंगलातून तोडूच नये असं मी म्हणते का? नाही. हे प्रकरण तेवढं सरळ नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात रानफुलं तोडायला परवाना लागतो, आणि आगुल्हास टोकाच्या परिसरात फ्लॉवर व्हॅली या संस्थेसारखी मंडळी वर्षानुवर्षं खपून मोजून-मापून तोडणी शिकवतात. बरीचशी फुलं झुडपावरच राखायची, कोवळ्या झुडपाला हात लावायचा नाही, मुळासकट उपटायचं नाही, असे त्यांचे साधे नियम. अशा फुलांना गिऱ्हाईक असलं की जमिनीचा मालक ती नांगरून टाकत नाही, रान उभं राहतं. उलट शेतात लावलेला प्रोटिया म्हटलं की सगळं पुण्यच असंही नाही; त्या शेतासाठी आधी काय साफ केलं हा प्रश्न उरतोच. तरीही शेती हाच मोठा आधार आहे. स्टेलनबॉशजवळ फ्रँक बॅचेलर नावाच्या फळबागायतदाराने गेल्या शतकाच्या मध्यावर फळांच्या जोडीने प्रोटियाची पद्धतशीर लागवड सुरू केली, तेव्हा ही रानटी झुडपं शेतात ओळीने वाढतील यावर फारशा लोकांचा विश्वास नव्हता. आज ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हवाई, कॅलिफोर्निया, इस्रायल, पोर्तुगाल आणि त्याचं मदेरा बेट, इतक्या ठिकाणी ती फुलांसाठी लावली जातात.

लग्नाच्या बुकेत तुम्ही 'ब्लशिंग ब्राइड' वापरता, तेही याच कुळातलं झुडूप, सेरुरिया फ्लोरिडा. कागदासारखी पांढरी, आत गुलाबी झाक असलेली सहपत्रं. थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८व्या शतकात ते पाहिलं, त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं ते कुणाला दिसलंच नाही. १८९१ साली फ्रान्सहूकच्या डोंगरात पुन्हा सापडलं, तेही मोजकंच. केपटाउनमधल्या किर्स्टनबॉशच्या वनस्पती उद्यानाने बियाण्यापासून ते वाढवलं म्हणून ते आज नवरीच्या हातात पोचतं. फुलांच्या धंद्यानेच तगवलेलं झुडूप आहे ते. म्हणजे तुमच्या हातून भलंही होतं. म्हणून तर तुम्हालाच लिहितेय.

सोनेरी आणि चंदेरी स्प्रेबद्दल माझं मत तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते. ज्या सहपत्रांच्या कडेला काळ्या-पांढऱ्या केसांची किनार असते, ती किनार रंगाखाली लपवायची तर प्रोटिया आणलाच कशाला? पुठ्ठ्याचं कमळ करा आणि त्याला रंगवा, स्वस्तात होईल.

तुमच्यातले काही जण आता गिऱ्हाइकांना कुंडीतला प्रोटियाही विकतात, म्हणून एक शेवटचं. त्याला गुलाबाचं खत घालायला सांगू नका. या झुडपांनी अतिशय निकस मातीत जगायला शिकून घेतलंय. बारीक मुळांचे दाट झुपके करून ती मातीतून स्फुरदाचा (फॉस्फरसचा) कण न् कण खरवडून काढतात. त्यांना हवा असताना तो शोषायचा कसा हे पक्कं माहीत आहे, पण नको असताना थांबायचं कसं हे बहुतेकांना नीट जमत नाही. डीएपी, सुपर फॉस्फेट, हाडांचा चुरा, यांतलं काहीही मायेने घातलं की स्फुरद अंगात साठतो आणि झाड पिवळं पडून मरतं. निचरा न होणारी कुंडी असेल तर मुळांची बुरशी आधीच काम तमाम करते. या झुडपाचा जीव लाडानेच गेल्याची उदाहरणं जुनी आहेत. सुमारे २०० वर्षांपूर्वी युरोपातल्या श्रीमंतांना प्रोटियाचं वेड लागलं होतं. नेपोलियनची बायको सम्राज्ञी जोसेफीन हिच्या मालमेझोंच्या बागेतही ते होते. पुढे काचगृहं दमट, उबदार करण्याची नवी सोय आली, इतर झाडं खुलली आणि प्रोटिया गेले. लंडनच्या क्यू उद्यानात किंग प्रोटिया १९८६ साली फुलला, तेव्हा तिथे तो मागचा फुलल्याला १६० वर्षं झाली होती.

एवढं सगळं लिहिल्यावर मागणं फार थोडं आहे. तुमच्या पुरवठादाराला तीन गोष्टी विचारत जा. जात कुठली? रानातली की शेतातली, आणि रानातली असेल तर परवान्याची का? तोडून किती दिवस झाले? तो आधी हसेल. दहा जणांनी विचारलं की कागदावर लिहायला लागेल. वाळलेल्या बोंडांच्या बाबतीत उत्तर मिळालं नाही तर तो माल परत करा. आणि समारंभ संपल्यावर प्रोटिया झेंडूबरोबर कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. उजेडात, पाण्यात ठेवला तर तो आणखी आठवडा-दोन आठवडे सहज राहतो. कुणाला तरी द्या. मला दिलात तरी चालेल.

आपली,
पानं वेचणारी एक बाई

ता. क. : त्या मुलाकडून मी न सोललेली एक दांडी मागून घेतली होती. ती पूर्वेच्या खिडकीत आहे. आज नववा दिवस. खालच्या दोन पानांची टोकं करडी झालीत, बाकीची हिरवी आहेत. तिसऱ्या दिवशी फुलोऱ्यात चिकट थेंब दिसायला लागले आणि कालपासून मुंग्यांची रांग लागलीये. फुलदाणी मी आता पाण्याच्या ताटलीत ठेवलीय.